पंगत, पडदा आणि टेबल

१

महानगरातल्या एखाद्या मोठ्या हॉटेलात रविवारी रात्री दिसणारे एक दृश्य आता कोणालाही नवलाचे वाटत नाही. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे असे सहा-सात जणांचे कुटुंब एका टेबलाभोवती बसलेले असते. पांढरे टेबलक्लॉथ, घडी घालून ठेवलेले नॅपकिन, डाव्या हाताला काटे, उजव्या हाताला सुरी आणि चमचे. प्रथम सूप येते, मग काही तळलेले-भाजलेले, मग मुख्य जेवण, शेवटी गोड आणि कॉफी. वाढणारा कोणत्या जातीचा, शेजारच्या टेबलावर काय आले आहे, आतल्या चुलीपाशी कोण उभे आहे, हे कोणी विचारीत नाही. आणि ज्या आजीने जन्मभर घरादाराची पाने उठल्यावर आपले पान घेतले, तिच्यापुढे वेटर सर्वांच्या आधी वाटी ठेवतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बहुतेक भारतीय कुटुंबांच्या दृष्टीने या दृश्यात तीन गोष्टी अशक्य होत्या. अनोळखी हाताने शिजवलेले अन्न खाणे, अनोळखी माणसांच्या नजरेसमोर जेवणे आणि घरच्या स्त्रीने पुरुषांच्या बरोबरीने, त्याच वेळी, त्याच ठिकाणी जेवायला बसणे. पैकी पहिली अडचण जातीची, दुसरी आचाराची आणि तिसरी कुटुंबरचनेची होती. बाहेर जेवण्याचा इतिहास सामान्यतः पदार्थांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणता पदार्थ कोठून आला, कोणी प्रथम केला, हे प्रश्न मनोरंजक असतात. तथापि सहकुटुंब बाहेर जेवण्याच्या प्रथेमागे जो खरा पालट झाला तो ताटातला नसून ताटाभोवतीचा आहे. कोणी कोणाबरोबर बसावे, कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर बसावे, कोणी वाढावे आणि कोणी बसूच नये, या नियमांचा तो पालट आहे. म्हणूनच खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासकाइतकाच तो समाजाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो.

२

अनेक टप्प्यांचे, क्रमाने वाढले जाणारे जेवण ही युरोपकडून मिळालेली देणगी आहे, हा समज प्रारंभीच दूर केला पाहिजे. भोजनात रसांचा क्रम असावा, प्रथम मधुर, मध्ये अम्ल आणि लवण आणि त्यानंतर इतर रस असावेत, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्ते यांनी संस्कृतात 'भोजनकुतूहल' हा ग्रंथ रचला, त्यात अन्नाचे गुणदोष आणि भोजनाचे विधी यांचा विस्तृत विचार आहे. बंगाली जेवणात कडवट शुक्तोपासून सुरुवात होते, मग डाळ-भाजी, मग मासे, पुढे चटणी आणि अखेरीस मिष्टान्न असा ठरलेला प्रवास असतो. तमिळ केळीच्या पानावर सांबारभात, रसमभात आणि ताकभात हा क्रम सहसा मोडला जात नाही. काश्मिरातल्या वाझवानात चौघांमध्ये एक त्रामी मांडली जाते, वाझा एकामागून एक पदार्थ आणून वाढीत राहतो आणि गुश्ताबा आला की मेजवानी संपत आली हे पाहुण्यांना कळते.

मराठी ताटाची रचना यापेक्षा थोडी निराळी आहे. तेथे क्रम आहे आणि नकाशाही आहे. वरच्या बाजूला मीठ आणि लिंबाची फोड, डावीकडे चटणी-कोशिंबीर-लोणचे, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मध्ये भाताची मूद. पहिला वरणभात, मग पोळी किंवा पुरी आणि पक्वान्न, मधला मसालेभात, आणि शेवटी ताकाबरोबरचा मागचा भात. म्हणजे एकाच पानात सगळे दिसत असले तरी ते एकाच वेळी खाल्ले जात नाही. जेवणाला आरंभ, मध्य आणि अंत असतो, आणि कोणता पदार्थ कधी पुन्हा वाढायचा हे वाढणाऱ्याला अचूक ठाऊक असते. तेव्हा सूपपासून पुडिंगपर्यंतचा क्रम भारतीय माणसाला कल्पना म्हणून परका नव्हता.

जेवणाच्या या क्रमाच्या शेजारी बसण्याचाही एक क्रम होता आणि तो अधिक कडक होता. मराठी पांढरपेशा घरात पुरुषांची पंगत आधी, मुलांची तिच्याबरोबर किंवा मागून, आणि बायकांची सर्वांत शेवटी. कित्येक घरांत पत्नीने पतीच्या उष्ट्या पानावर जेवण्याची रीत होती आणि ती निष्ठेची खूण मानली जाई. ब्राह्मण घरांत याला सोवळ्याची जोड होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांच्या सोवळ्याचे जे चित्रण आले आहे, त्यावरून हा आचार घराच्या दैनंदिन जीवनाला किती ग्रासून टाकीत असे याची कल्पना येते. बहुजन समाजातल्या घरांत सोवळे नसले तरी बाईने मागून जेवण्याचा प्रघात बहुतेक ठिकाणी होताच. लग्नामुंजींच्या मोठ्या पंगतींत जातवार पंगती वेगळ्या बसत, आणि सर्वांत शेवटी, मांडवाबाहेर, उरलेल्या अन्नावर ज्यांचा हक्क मानला जाई त्यांची ओळ असे. पंगत हा शब्द मराठीत सामूहिक आनंदाचा वाचक आहे. पण पंगतीला ओळ असते आणि ओळीला शेवट असतो, हेही त्या शब्दातच आहे.

३

युरोपात रेस्टॉरंट ही संस्था अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जन्माला आली. रेस्टॉरंट या शब्दाचा मूळ अर्थ शक्ती परत आणणारे, म्हणजे अशक्त माणसाला द्यायचे मांसरसाचे कढण. १७६६ च्या सुमारास मातुराँ रोझ द शाँत्वाझो याने असे कढण विकणारे दुकान काढले, असे अलीकडचे इतिहासकार मानतात. तत्पूर्वी प्रवाशाला सराईत किंवा खाणावळीत एका लांब मेजावर, ठरलेल्या वेळी, जे शिजले असेल ते सर्वांबरोबर खावे लागे. नव्या दुकानाने तीन गोष्टी आणल्या. गिऱ्हाइकाचे स्वतंत्र टेबल, हवी ती वेळ, आणि पदार्थ व किमती लिहिलेले पत्रक. एकत्र जेवणाऱ्या समूहातून एकेक व्यक्ती वेगळी काढण्याची ही युक्ती होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सरदारांच्या घरचे आचारी शहरात येऊन स्थिरावले असे पूर्वी सांगितले जाई. प्रत्यक्षात ही संस्था क्रांतीच्या आधीच रुजली होती. क्रांतीने तिला गिऱ्हाइकांचा नवा वर्ग दिला.

जेवण एकेका टप्प्याने वाढण्याची आजची पद्धतही पॅरिसमध्ये एकदम आली नाही. जुन्या फ्रेंच पद्धतीत अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते तो घेई. एक पदार्थ संपल्यावर दुसरा आणून प्रत्येकाला स्वतंत्र वाढण्याच्या पद्धतीला रशियन पद्धत म्हटले जाते. पॅरिसमधील रशियन राजदूत कुराकिन याने १८१० च्या सुमारास ती तेथे दाखवली असे सांगतात. शतकाच्या उत्तरार्धात तिने जुन्या पद्धतीची जागा घेतली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मेजावरचे सारे वैभव एकदम दिसण्याऐवजी आता माणसाला पुढच्या पदार्थाची वाट पाहावी लागू लागली, आणि जेवणाच्या वेळेवर स्वयंपाकघराची सत्ता आली.

कुटुंब मात्र अजून घरीच होते. पॅरिसच्या उपाहारगृहांत स्त्रिया दिसत आणि परदेशी प्रवाशांना त्याचे आश्चर्य वाटे. पण त्याच उपाहारगृहांतल्या बंद दाराच्या खासगी खोल्यांविषयी कादंबऱ्यांत आणि प्रहसनांत जे लिहिले गेले, त्यामुळे कुलीन स्त्रीने तेथे जाण्याविषयीचा संशय दाट होत गेला. इंग्लंडमध्ये प्रतिष्ठित घरची स्त्री सार्वजनिक ठिकाणी रात्रीचे जेवण घेई, हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विरळाच होते. १८९० च्या सुमारास लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात सेझार रिट्झ हा व्यवस्थापक आणि ओग्युस्त एस्कोफिए हा मुख्य आचारी एकत्र आले. दिव्यांचा सौम्य प्रकाश, बेतशीर संगीत, शांतपणे वावरणारे वेटर, हलके आणि नेमके पदार्थ, ही त्यांची सारी योजना स्त्रियांना तेथे निःशंकपणे येता यावे या हेतूने आखलेली होती. पाश्चात्त्य कुटुंबही बाहेरच्या टेबलाशी उशिरा आणि बिचकतच आले, हे ध्यानात घेतले म्हणजे भारतातल्या संकोचाकडे केवळ मागासलेपणाची खूण म्हणून पाहण्याचे कारण राहत नाही.

४

भारतीय सुशिक्षिताची या टेबलाशी झालेली पहिली गाठ सुखाची नव्हती. गांधीजींच्या आत्मकथेत लंडनच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग आहे. मांसाहाराचा आग्रह धरणाऱ्या एका मित्राने नाटकाला जाण्यापूर्वी त्यांना हॉलबर्न रेस्टॉरंट या भपकेदार ठिकाणी जेवायला नेले. भोवतालच्या थाटापुढे गांधी मुकाट्याने जेवतील असा त्याचा होरा होता. पहिला टप्पा सुपाचा. ते कशाचे केले आहे हे मित्राला विचारण्याचा धीर होईना, म्हणून गांधींनी वेटरला खुणावले. मित्र संतापला आणि सभ्य समाजात वागता येत नसेल तर बाहेर जाऊन दुसरीकडे जेव, असे त्याने सुनावले. गांधी बाहेर पडले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद होते. त्या रात्री ते उपाशीच नाटकाला गेले. अनेक टप्प्यांच्या जेवणाची गंमत अशी की त्यात काय आहे हे न विचारणे हाच शिष्टाचार असतो, आणि भारतीय आहारनीतीचा तर पहिला प्रश्नच तो असतो. या दोन नीतींची टक्कर पहिल्या सुपाच्या वाटीपाशीच झाली.

त्याच सुमारास पुण्यात एका चहाच्या कपाने दोन वर्षे वादळ उठवले. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पंचहौद मिशनमध्ये झालेल्या समारंभाला शहरातले अनेक नामवंत उपस्थित होते. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले ही त्यांतली नावे. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध केली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचे वाद झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतले असल्याचे सांगितले, तर रानड्यांनी पुढे ते घेतले आणि त्याबद्दल त्यांच्याच सुधारक सहकाऱ्यांचा रोष पत्करला. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात त्या दिवसांतला ताण घराच्या आतून दिसतो. बाहेर घेतलेल्या एका कपाचे परिणाम घरातल्या बायकांपर्यंत कसे पोचत, कोणाकडे जेवायला बोलवावे आणि कोण येईल हा पेच कसा उभा राहत असे, याचा तो बोलका दाखला आहे. जेथे बाहेरचा चहाही असा अंगाशी येत होता, तेथे सहकुटुंब भोजनाचा प्रश्नच नव्हता.

५

मुंबईत मोठ्या हॉटेलांची सुरुवात युरोपियनांसाठी झाली. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे वॉटसन्स हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे ७ जुलै १८९६ रोजी तेथेच प्रथम दाखवली गेली. जमशेटजी टाटांना तेथे प्रवेश नाकारला गेला आणि म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा फार लोकप्रिय आहे. तिला आख्यायिकेपलीकडे आधार नाही. मुंबईला जगातल्या मोठ्या शहरांच्या तोडीचे हॉटेल असावे ही त्यांची आकांक्षा मात्र खरी होती. १६ डिसेंबर १९०३ रोजी ताज उघडले. योगायोग असा की एस्कोफिएचा पाककृतींचा महाग्रंथ त्याच वर्षी पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. ताजच्या भोजनगृहात भारतीय आणि युरोपियन दोघांनाही बसता येत होते. तरीही प्रारंभीच्या काळात तेथे कुटुंबासह जाणारे भारतीय म्हणजे प्रामुख्याने संस्थानिक, पारशी आणि इंग्रजी चालीरीती अंगीकारलेली मोजकी घराणी.

या टेबलामागे उभा असलेला माणूस पुष्कळदा गोव्याचा असे. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या ख्रिस्ती समाजाला युरोपीय स्वयंपाक, मेज मांडण्याची रीत आणि पाश्चात्त्य संगीत यांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्या होता, आणि जातीच्या विटाळाने त्याचे हात बांधलेले नव्हते. मुंबईतल्या गावोगावच्या कूडांत राहणारे हे गोवेकर आचारी, बटलर, वेटर आणि वादक यांनी शहराच्या उंची भोजनगृहांचा प्राण सांभाळला. ताजच्या स्वयंपाकघराचे प्रमुखपद ज्यांच्याकडे प्रथमच भारतीय म्हणून आले ते मिगेल आर्कांजो मास्कारेन्हस हेही गोव्याचेच. मराठी खाद्येतिहासात या वर्गाची नोंद अद्याप पुरेशी झालेली नाही.

उंची हॉटेलांपासून फार दूर, लहान गावांतल्या चहाच्या दुकानांत याच काळात एक अधिक मूलगामी लढाई चालू होती. कोल्हापुरात १९२० च्या आसपास गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या गृहस्थांनी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने हॉटेल काढले. तेथे कोणी चहा प्यायला येईना, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही तो घ्यावा लागला. रत्नागिरीत १९३३ मध्ये सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीच्या सहभोजनांची चळवळ चालवली. मद्रासमध्ये रेल्वे स्थानकांवरच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांसाठी असलेली वेगळी जागा पेरियारांच्या आंदोलनानंतर १९४१ मध्ये बंद झाली. हॉटेलचे टेबल ही समतेची जागा आहे, असे पुढे मानले गेले. तसे ते आपोआप झालेले नाही. ते कोणीतरी आग्रहाने, अपमान सोसून तसे करून घेतले आहे.

या साऱ्याची परिणती संविधानात झाली. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांमुळे कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे ठरवले. देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृहाचा नावानिशी उल्लेख करावा लागावा, यातच एकत्र बसून जेवण्याचा प्रश्न या समाजात किती खोल होता हे दिसते. त्या अनुच्छेदात जातीबरोबर लिंगाचाही उल्लेख आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष वेधले जाते.

६

कायद्याने दार उघडले, पण बाईने ते ओलांडावे यासाठी हॉटेलवाल्यांना एक निराळी युक्ती करावी लागली. ती युक्ती म्हणजे फॅमिली रूम. मुंबईच्या गिरणगावातली खाणावळ ही एकट्या पुरुषांची जागा होती. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून आलेला असे आणि महिन्याच्या बोलीवर जेवे. त्या खाणावळी पुष्कळदा बायकाच चालवीत. म्हणजे खाणावळीत बाई होती, पण ती चुलीपाशी होती. पानावर नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळामुळे या कष्टकरी स्त्रियांना संघटना आणि कर्ज मिळू लागले, तेव्हा कोठे त्यांच्या श्रमाला नाव मिळाले.

इराण्याच्या हॉटेलात आणि पाठोपाठ आलेल्या उडुपी हॉटेलांत माळ्यावर किंवा मागच्या बाजूला लाकडी फळ्यांच्या लहान खोल्या केलेल्या असत. त्यांना अर्धी दारे किंवा पडदे असत आणि वर फॅमिली रूम अशी पाटी असे. बाहेर पुरुषांची गर्दी, विड्यांचा धूर, संगमरवरी टेबलांवर आपटणारे कप. आत पडद्याआड नवरा-बायको, मुले, कधी माहेरवाशीण नणंद. माजघराचा एक तुकडा उचलून बाजारात आणून ठेवावा, तशी ही रचना होती. पुढे या खोल्यांना प्रेमिकांच्या आडोशाची कीर्ती लाभली आणि त्यावर विनोदही पुष्कळ झाले. तथापि त्यांचे ऐतिहासिक कार्य वेगळे आहे. मध्यमवर्गीय मराठी, गुजराती, कानडी स्त्रीने घराबाहेर, परक्याने वाढलेले, नवऱ्याच्या समोर बसून, त्याच वेळी खाल्ले, ते प्रथम या पडद्याआड. घरात सासूसमोर जे शक्य नव्हते ते तेथे बटाटावडा आणि चहा यांच्या निमित्ताने शक्य झाले. तो पडदा स्त्रीला झाकीत होता हे खरे. पण त्याच्याच आधाराने ती टेबलापर्यंत पोचली, हेही तितकेच खरे आहे.

उडुपी हॉटेलांचा वाटा येथे विशेष आहे. मद्रासमध्ये के. कृष्णराव यांनी १९३८ मध्ये वुडलँड्स सुरू केले, माटुंग्यात १९४२ पासून रामा नायक यांचे उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग चालू आहे. शाकाहार, स्वच्छता आणि पुष्कळदा ब्राह्मण आचारी यांची हमी असल्यामुळे सनातनी कुटुंबांनी आधी तेथे पाऊल टाकले. म्हणजे बाहेर जेवण्याला मान्यता मिळाली ती जुन्याच शुचितेच्या दाखल्यावर. नवे आचार जुन्यांचा हात धरून येतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

७

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात पडदा हळूहळू सरला. दिल्लीत १९५२ मध्ये आणि मुंबईत चर्चगेटला १९५६ मध्ये गेलॉर्ड सुरू झाले. कलकत्त्यात पार्क स्ट्रीटवर, मुंबईत चर्चगेट परिसरात वाद्यवृंदासह जेवणाची ठिकाणे वाढली. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल यांनी दिल्लीच्या दर्यागंजमध्ये १९४७ मध्ये मोतीमहल उभे केले आणि तंदूर शहरी भोजनगृहात आणला. डॉक्टर, वकील, वरिष्ठ अधिकारी, व्यापारी यांची कुटुंबे वाढदिवस, परीक्षेचा निकाल, लग्नाचा वाढदिवस अशा निमित्तांनी बाहेर जेवू लागली. या प्रसंगांची यादीही अर्थपूर्ण आहे. ते सण नव्हते. सणाला घरीच पुरणपोळी होई. बाहेरचे जेवण पंचांगाबाहेरच्या दिवसांशी जोडले गेले, आणि त्यांतले पुष्कळसे दिवस मुलांचे होते.

या कुटुंबांनी परकीय क्रम जसाच्या तसा स्वीकारला नाही. युरोपीय पद्धतीत प्रत्येकाचे पान प्रत्येकाचे. भारतीय कुटुंबाने ते मोडले. दोन भाज्या, एक डाळ, एक कोंबडीचा पदार्थ मध्ये ठेवायचा आणि सर्वांनी घ्यायचा, ही रीत उंची हॉटेलातही चालू राहिली. आईने मुलाच्या ताटात वाढणेही थांबले नाही. सुपाच्या बाबतीत तर 'वन बाय टू' हा खास भारतीय शब्दप्रयोग रूढ झाला. एक मागवायचे आणि वेटरने ते दोन वाट्यांत भरून आणायचे. त्यात काटकसर आहे, पण केवळ काटकसर नाही. पहिला टप्पा चुकवायचा नाही आणि पोटही आधीच भरायचे नाही, असा तो समंजस तोडगा आहे. हॉलबर्नमधल्या त्या सुपाच्या वाटीने सुरू झालेल्या संघर्षाचा शेवट असा समजुतीने झाला.

चिनी जेवण भारतीय कुटुंबांत एवढे लोकप्रिय का झाले, याचेही एक कारण येथेच सापडते. ताजमध्ये १९७३ साली गोल्डन ड्रॅगन सुरू झाले आणि सेचवान पद्धतीच्या तिखट पदार्थांची ओळख शहराला झाली. चिनी जेवणातही पदार्थ मध्ये ठेवून सर्वांनी वाटून घ्यायचे असतात. भाताला मान असतो आणि काट्या-सुरीचा धाक नसतो. फ्रेंच जेवणापुढे अवघडलेले कुटुंब चिनी जेवणापुढे सैलावले ते चवीइतकेच या बैठकीमुळे. पुढे १९७८ च्या सुमारास दिल्लीच्या मौर्य हॉटेलात बुखारा उघडले. तेथे पाहुण्यांना काटे-चमचे न देता हातांनी जेवू दिले जाई. देशातल्या सर्वांत महागड्या टेबलांपैकी एकावर हाताने जेवणे हीच प्रतिष्ठा ठरली. गांधींना ज्या शिष्टाचाराने बाहेर काढले होते, त्याचा अधिकार येथे संपला असे म्हणता येईल.

१९९१ नंतरच्या आर्थिक बदलांनी या वर्गाची संख्या आणि ऐपत दोन्ही वाढवली. दिल्लीत २००९ मध्ये इंडियन ॲक्सेंट आणि मुंबईत २०१६ मध्ये मास्क यांसारख्या भोजनगृहांनी भारतीय पदार्थच अनेक लहान टप्प्यांत मांडण्याचा मार्ग धरला. मास्कमध्ये काय आणि कोणत्या क्रमाने खायचे हे मुख्यतः आचारीच ठरवतो. निवडीचे पत्रक हे रेस्टॉरंटचे मूळ लक्षण, तेच येथे मागे पडले आहे. या जेवणाची नाळ पॅरिसपेक्षा पंगतीशी अधिक जुळते. पंगतीतही कोणी काय हवे असे विचारीत नसे. पुढे येईल ते आणि येईल त्या क्रमाने घ्यावयाचे, फक्त आग्रह करणारे यजमान तेवढे गेले आणि त्या जागी बिल आले.

८

या दीर्घ प्रवासात काय कमावले गेले याचा हिशेब करताना आजीच्या त्या वाटीकडे परत यावे लागते. घरातल्या स्त्रीला आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा वाढण्याच्या कामातून सुटका मिळणे, तिला काय हवे हे कोणीतरी विचारणे, सर्वांच्या बरोबर तिचे जेवण संपणे, या गोष्टी लहान दिसतात. ज्या समाजात बाईची भूक ही सर्वांची भूक भागल्यावर मोजण्याची गोष्ट होती, तेथे त्या लहान नाहीत. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे साधले नाही ते काही अंशी हॉटेलच्या टेबलाने साधले, कारण त्या टेबलाला मागची पंगत माहीत नव्हती. पुष्कळ घरांतल्या जेवणाच्या खोलीतही पुढे टेबल आले आणि बायका बरोबरीने बसू लागल्या. त्या बदलाचे सारे श्रेय हॉटेलला देता येणार नाही. पण त्याचा सराव बाहेर झाला होता, एवढे निश्चित म्हणता येईल.

हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. जात विचारणारा दरवान गेला, त्या जागी किमतीचा आकडा उभा राहिला. संविधानाने प्रवेशाचा हक्क दिला. टेबलावर बसण्याची ऐपत देणे त्याच्या हाती नव्हते. शहरातल्या उंची भोजनगृहात सहकुटुंब आलेल्या माणसांबरोबर पुष्कळदा आणखी एक व्यक्ती असते. ती लहान मुलाला सांभाळणारी मुलगी. ती कधी टेबलाच्या टोकाला, कधी वेगळ्या खुर्चीवर, कधी उभीच असते. मूल रडले तर ती त्याला घेऊन बाहेर फेऱ्या मारते. तिचे जेवण पुष्कळदा सर्वांचे झाल्यावर, किंवा घरी गेल्यावर. मालकांचा ड्रायव्हर खाली गाडीपाशी थांबलेला असतो. पंगतीच्या शेवटी, मांडवाबाहेर जी ओळ बसत असे, ती नाहीशी झालेली नाही. तिची जागा तेवढी बदलली आहे.

मराठीत एका पंगतीला बसणे म्हणजे एकमेकांना आपले मानणे असा अर्थ आहे. टेबलाने ती पंगत लहान केली, कुटुंबापुरती केली, आणि कुटुंबाच्या आत तरी तिला शेवट उरू दिला नाही. आजीची वाटी आधी आली, हे या शंभर वर्षांचे संचित आहे. ती मुलगी कधी आणि कोठे बसेल, हे त्याच टेबलापुढचे उरलेले काम आहे.